कोनशिलेवर नाव आहे, पण कुदळीला हात लावू दिला नाही

पत्र थोडक्यात: लातूर जिल्ह्यातल्या एका नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीच्या उपसरपंच ताईंनी लिहिलंय. नाव-गाव देऊ नका म्हणाल्यात, देत नाही. वय चाळिशीच्या आत, नवरा वारलेला, दोन लेकरं, गळ्यात माळ, घरात वारी. ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन होतं, आमदार येणार म्हणून मंडप, पाट, कलश, गुरुजी सगळं तयार. ताई पुढं गेल्या तर सरपंच म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा मागं थांबा, पूजेला जोडी लागती." पाटावर सरपंच आणि त्यांची बायको बसली (ती सदस्य नाही). नंतर कुदळ आमदारांच्या हातातून सरपंचांच्या, तिथून दोन-तीन सदस्यांच्या हातात फिरली, ताईंपर्यंत आलीच नाही. बाजूला कोनशिलेवर मात्र उपसरपंच म्हणून त्यांचं नाव कोरलेलं. मागं उभं राहिल्यावर त्यांना दिसलं की पंचायतीतला मुस्लिम सदस्य "फोन आलाय" म्हणत हापशापाशी जाऊन थांबलाय आणि बौद्ध वस्तीतली सदस्य बाई आलेलीच नाही. खर्च सगळा पंचायतीच्या खात्यातून. भाचा संभाजीनगरात वकिली करतो, तो म्हणतो खंडपीठात पीआयएल (जनहित याचिका) टाकू, सरकारी कार्यक्रमातली पूजाच बंद करू. सासू म्हणतात देवाच्या कामात कोर्ट आणू नको. ताईंच्या मनात तिसरंच आहे, गुरुजी, मौलाना, भंतेजी तिघांना बोलवून सर्वधर्म प्रार्थना करावी. काही महिन्यांत उद्घाटन आहे आणि तिथंही हेच होणार, तर केस करावी का गप्प बसावं, असं विचारतात.

ताई, नमस्कार.

आधी एक वाकडा प्रश्न विचारते, राग मानू नका. त्या दिवशी सरपंच "या वहिनी, बसा पाटावर" म्हणाले असते तर हे पत्र आलं असतं का? नसतं आलं, असं उत्तर असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मग तुमची तक्रार पूजेविरुद्ध नाहीये, पूजेतून बाजूला काढलं त्याविरुद्ध आहे. आणि भाचा जी केस टाकायला निघालाय ती पूजेविरुद्ध आहे. ह्या दोन केसेस एकमेकींच्या उलट जातात, एकीत तुम्ही म्हणणार मला पाटावर बसवा आणि दुसरीत म्हणणार पाटच मांडू नका. समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत नेमकं हेच विचारील आणि तुमच्या गळ्यातली माळ दाखवून विचारील.

म्हणून कायद्याचं काय ते आधी सांगते, मग तुम्हीच ठरवा.

सरकारी कार्यक्रमात पूजा नको, नारळ नको म्हणून लोक आपल्याकडं कोर्टात गेलेले आहेत. आंध्र प्रदेशात नास्तिकांची एक संघटना गेली होती, सरकारी समारंभात नारळ फोडणं, मंत्र, पूजा बंद करा म्हणून, तिथल्या हायकोर्टानं १९९२ मध्ये नाही म्हणून सांगितलं. गुजरातमध्ये तर प्रकरण हायकोर्टाच्या स्वतःच्याच नव्या इमारतीचं होतं, भूमिपूजनाला राज्यपाल आणि मुख्य न्यायमूर्ती हजर, आणि एका दलित कार्यकर्त्यानं याचिका केली की हे धर्मनिरपेक्षतेत बसत नाही. २०११ मध्ये याचिका फेटाळली, वर २०,००० रुपये दंड. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की जमिनीला इजा होणार म्हणून तिची क्षमा मागायची आणि काम चांगलं व्हावं अशी प्रार्थना करायची, ह्यात सगळ्यांचंच भलं आहे, कुण्या एका धर्माचा प्रचार नाही. पटो न पटो, निकाल असा आहे. भाच्यानं तो तुम्हाला दाखवलाय का विचारा, कारण पीआयएलमध्ये उलटा दंड बसू शकतो हे गावाकडच्या माणसाला कुणी आधी सांगत नाही.

आता दुसरी बाजू बघा. नाशिकच्या एका शाळेत एक शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला तयार नव्हते, शाळेनं बेशिस्त ठरवून वरची वेतनश्रेणी अडवली. ते मुंबई हायकोर्टात गेले आणि २०१३ मध्ये जिंकले, शिक्षकाला हात जोडायची सक्ती करणं हा त्याच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे असं कोर्टानं म्हटलं. त्याच्या कितीतरी आधी, १९८६ मध्ये, केरळातली तीन शाळकरी भावंडं होती, राष्ट्रगीताला अदबीनं उभी राहायची पण धर्मश्रद्धेमुळं म्हणायची नाहीत, शाळेनं काढून टाकलं, सुप्रीम कोर्टानं परत घ्यायला लावलं.

दोन्ही बाजूचे निकाल शेजारी ठेवले की दिसतं काय चाललंय. आपली कोर्टं ज्याला हात जोडायचे नाहीत त्याचे हात सोडवतात, पण नारळ थांबवत नाहीत. "माझ्यावर सक्ती झाली, माझं नुकसान झालं" म्हणून गेलेला माणूस जिंकतो, "हे सगळं मुळातूनच चूक आहे, बंद करा" म्हणून गेलेला बहुतेक वेळा हात हलवत परत येतो. हे कायमचं असंच राहील असं नाही. नाशिकचा तो निकाल देणाऱ्या खंडपीठात न्यायमूर्ती अभय ओक होते, पुढं ते सुप्रीम कोर्टात गेले आणि मार्च २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडला कोर्टाच्या नव्या इमारतीच्या भूमिपूजनातच त्यांनी सांगितलं की कोर्टाच्या कार्यक्रमांतली पूजाअर्चा आता थांबवायला हवी, त्यापेक्षा संविधानाच्या उद्देशिकेपुढं नतमस्तक व्हावं. पण ते भाषण होतं, निकाल नव्हे. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेचा वादही सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये घटनापीठाकडं पाठवला, म्हणजे मोठ्या कोर्टालाही हे सोपं वाटत नाही. असल्या मोठ्या प्रश्नाच्या पुढं तुमच्या पंचायतीचं उद्घाटन उभं करून वर्षानुवर्षं तारखा घ्यायच्या का, हे तुम्ही ठरवायचं, भाच्यानं नव्हे.

पैशाचंही सांगून टाकते, कारण लोक घटनेतल्या कलम २७ चं नाव घेतात की कराचा पैसा कुण्या एका धर्मासाठी वापरता येत नाही. हज अनुदानाच्या प्रकरणात २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की कराच्या पैशातला मोठा हिस्सा तिकडं वळवला तर ते चूक, थोडाफार खर्च झाला म्हणून घटना मोडत नाही. नारळ, हार, दक्षिणा ह्यांचं बिल असून असून किती असणार, त्यावर घटनेची केस उभी राहणार नाही. मात्र ऑडिटमध्ये ते नीट उभं राहतं. कॅशबुकात तो खर्च कशाखाली टाकलाय, किरकोळ म्हणून का मंडप म्हणून, व्हाउचर कुणाच्या सहीचं, आधी ठराव झाला होता का, हे विचारायला वकील लागत नाही. सदस्य म्हणून मासिक सभेत जमाखर्च वाचून दाखवायला सांगा, टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, १५० शब्दांच्या आत, एकच विषय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

आता तुमचं खरं दुखणं.

पूजेला जोडी लागते हे सरपंचांनी ठरवलं. ठीक आहे, शास्त्रात काय आहे काय नाही त्यात मला पडायचं नाही (गंगाखेडच्या जनाबाईला कुणी जोडीनं ये म्हणलं नव्हतं, पण जाऊ द्या). पण पूजा सोडा, कुदळीचं काय? कुदळ मारायला जोडी लागत नाही, आमदार काय जोडीनं आले होते का. समजा तुमच्या जागी उपसरपंच पुरुष असता आणि त्याची बायको वारलेली असती, तर "भाऊ जरा मागं थांबा" असं त्याला कुणी म्हणलं असतं? त्याच्या हातात पहिल्यांदा कुदळ दिली असती. इथं तुमची बाजू पक्की होते. घटनेचं कलम १५ म्हणतं की शासनानं केवळ लिंगावरून भेदभाव करायचा नाही, आणि ग्रामपंचायत ही कायद्यानं शासनातच मोडते. विधुराला पुढं घेणार आणि विधवेला मागं ठेवणार, हा धर्माचा विषय राहत नाही, एका निवडून आलेल्या बाईला सरकारी कार्यक्रमात बाई म्हणून बाजूला सारलं असा होतो. देवळाच्या बाबतीतही कोर्ट आता हे ऐकून घेत नाही, २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टानं एका विधवेला मंदिराच्या उत्सवापासून अडवणं चालणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. तुमचा तर मांडव सरकारी होता.

आणि आपल्या राज्यात ह्याचा दाखला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे, तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात, १७ मे ला, ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढलं की बाकीच्या ग्रामपंचायतींनीही असं करावं. ते परिपत्रक तुमच्या पंचायत समितीतही आलेलं असणार, फाइलीत कुठंतरी दबून. गटविकास अधिकाऱ्याकडून प्रत मागून घ्या. ह्या कागदाची ताकद अशी की त्यावर "ही बाई देवाच्या विरोधात आहे" असं कुणाला म्हणता येत नाही, तो सरकारचाच कागद आहे.

सर्वधर्म प्रार्थनेबद्दल तुम्ही मोठ्या मनानं लिहिलंय, पण मला त्यात गोची दिसते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ग्रीस नावाचं एक शहर आहे, तिथं दर महिन्याच्या सभेआधी पाद्री येऊन प्रार्थना करायचे, बहुतेक सगळे ख्रिस्तीच. दोन बायकांनी तक्रार केली, एक ज्यू आणि एक नास्तिक. तक्रारीनंतर सभेनं एक ज्यू माणूस आणि एक बहाई धर्माचा माणूस बोलावला, विक्का ह्या निसर्गपूजक पंथाच्या एका पुजारिणीनं मागितल्यावर तिलाही संधी दिली, म्हणजे हे तुमच्या गुरुजी-मौलाना-भंतेजीसारखंच झालं. पण प्रकरण मिटलं नाही, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी शहर जिंकलं. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं साग्ने नावाच्या शहरातली सभेची प्रार्थना एकमतानं बंद केली. प्रश्न तोच, उत्तरं दोन. आणि ग्रीसमधल्या त्या नास्तिक बाईचं तर तक्रारीच्या आधीही आणि नंतरही तेच, पाद्री येवो का पुजारीण, तिला उभं राहायचंच होतं.

तुमच्या गावात तीन प्रार्थना ठेवल्या तर पहिल्या पाच मिनिटांत मौलाना आधी का भंतेजी आधी ह्यावरून सुरू होईल, भंतेजींना किती वेळ दिला हे कुणीतरी मोबाईलमध्ये बघत बसेल, लिंगायत मंडळी म्हणतील आमचे स्वामीजी कुठायत. आणि ज्याला काहीच नको त्याचा फोन तेव्हाही वाजणारच.

ह्या सगळ्या परदेशी भानगडीत मला कामाची वाटली ती इंग्लंडमधल्या बिडफर्ड ह्या छोट्या गावाची. तिथल्या कौन्सिलच्या सभेत प्रार्थना हा कामकाजाचाच एक भाग होता. २०१२ मध्ये कोर्टानं धर्म चांगला का वाईट ह्यात पडायचं टाळलं, एवढंच विचारलं की कौन्सिलला प्रार्थना सभेच्या कामकाजात घालायचा अधिकार कायद्यानं दिलाय का. नाही दिलेला, म्हणून कामकाजात नको, सभा सुरू व्हायच्या आधी ज्यांना करायची त्यांनी खुशाल करावी. पुढं २०१५ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा करून तो अधिकार दिला, ते सोडा. पण ती विभागणी बघा, किती साधी आहे.

उद्घाटनाला तसंच करता येतं. सकाळी गावकऱ्यांनी वर्गणी करून वास्तुशांत, सत्यनारायण जे करायचं ते करावं, ज्याला यायचं तो येईल, नाही यायचं तो घरी चहा पिईल, कुणाला हापशापाशी जाऊन खोटा फोन कानाला लावायची गरज नाही. मग अकरा वाजता सरकारी कार्यक्रम, राज्यगीत, उद्देशिकेचं वाचन (शाळेतली पोरं २०२० पासून रोज परिपाठाला म्हणतात, त्यांच्यातलीच दोघं-तिघं बोलवा, मोठ्यांपेक्षा बरी म्हणतील), फीत, भाषणं, राष्ट्रगीत. त्यात तुमची जागा पदाप्रमाणं, सरपंचांच्या शेजारी. निमंत्रण पत्रिकेत आणि कार्यक्रमाच्या कागदावर हे आधीच छापून आलं पाहिजे, ऐनवेळी कुणाच्या मर्जीवर ठेवू नका.

ह्यात तुम्हाला एक सोडावं लागतं हे मी लपवत नाही. पूजा एकदा खासगी झाली की तिथं जोडीच बसवायची का नाही हे गावकरी ठरवतील, उपसरपंच म्हणून तिथं हक्क सांगता येणार नाही. पाटावर बसायचंच असं तुमच्या मनात पक्कं असेल तर हा रस्ता तुमच्यासाठी नाही, मग हेरवाडसारखा ठराव आधी ग्रामसभेत आणा आणि गावाच्या रिवाजाशी सरळ भिडा. ते जास्त अवघड आहे, त्याला वेळही लागेल, पण कमी प्रतीचं अजिबात नाही. दोन्ही एकदम करायला गेलात तर दोन्हीकडची माणसं हातची जातील असं मला वाटतं.

ठराव मासिक सभेत आणायचा तर मजकूर साधारण असा ठेवा: "ग्रामपंचायतीच्या कोणत्याही शासकीय कार्यक्रमात सर्व सदस्यांना पदानुसार स्थान राहील. वैवाहिक स्थिती, जात, धर्म किंवा लिंग यावरून कोणत्याही सदस्यास मागे थांबविले जाणार नाही. धार्मिक विधीत भाग घेण्याची कोणावरही सक्ती राहणार नाही व अशा विधीचा खर्च ग्रामनिधीतून केला जाणार नाही." ह्यात पूजा बंद करा असं एका शब्दानंही नाही, मुद्दाम ठेवलेलं नाही. विरोध करणाऱ्याला उभं राहून म्हणावं लागेल की विधवेला मागं थांबवायचा हक्क आम्हाला पाहिजे, आणि ते प्रोसिडिंगात लिहून घ्यावं लागेल. तेवढं धाडस फार कमी लोकांत असतं.

ठराव हजर असलेल्यांच्या बहुमतानं होतो, नऊ सदस्य आहेत तेव्हा निदान पाच मतं लागतील असं धरून चाला. महिलांना निम्म्या जागा असल्यानं बायका पाच तरी असणार. पण बाई आहे म्हणून ती तुमच्या बाजूनं येईलच ह्यावर विसंबू नका, हळदीकुंकवाला कोण कोणाला वगळतं ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. एकेकीच्या घरी जाऊन बोला, सभेत पहिल्यांदा ऐकवू नका. सरपंचांच्या बायकोशी सुद्धा बोला, तिला तरी त्या पाटावर कुणी विचारून बसवलं होतं का देव जाणे.

हापशापाशी उभ्या राहणाऱ्या सदस्याचं राहिलं होतं. तुम्ही लिहिलंय "सगळं गाव पूजेच्या बाजूनं आहे", आणि त्याच पत्रात लिहिलंय की नऊमधला एक बाहेर उभा होता, एक आली नव्हती आणि एक तुम्ही. नऊमधले तीन झाले की! कुणी काही बोललं नाही एवढंच खरं. तरी त्याच्या वतीनं तुम्ही भांडू नका, आधी एकट्यात विचारा. कदाचित तो म्हणेल, ताई मला फोनचं बरं पडतं, माझं नाव कुठं आणू नका, धंदा गावात करायचाय. तसं म्हणाला तर त्याचं मत फक्त हात वर करण्यापुरतं मागा, सूचक-अनुमोदक म्हणून त्याचं नाव टाकू नका. सूचक तुम्ही व्हा, अनुमोदक एखादी सवाष्ण सदस्य मिळाली तर फारच चांगलं. बौद्ध वस्तीतल्या ताई का आल्या नव्हत्या तेही विचारा, कदाचित निमंत्रणच गेलं नसेल.

ठराव पडला किंवा विषय घेतलाच नाही तर गटविकास अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार, प्रत जिल्हा परिषदेच्या सीईओंना, दोन्हीवर पोच. त्यात पूजेबद्दल लिहू नका, सदस्य नसलेली व्यक्ती पुढं आणि निवडून आलेली उपसरपंच मागं, एवढंच लिहा. भूमिपूजनाचे फोटो गावातल्या कुणाच्यातरी स्टेटसवर असतीलच, ते जोडा. इतकं करूनही उद्घाटनाला तेच झालं तर कोर्टात जा, नक्की जा, पण पीआयएल नको, स्वतःच्या नावानं रिट याचिका (आपला हक्क मोडला म्हणून हायकोर्टात करायची ती) करा, कारण भेदभाव तुमच्याशी झालाय आणि नाशिकचे शिक्षक अशाच वैयक्तिक तक्रारीवर जिंकले होते. पैशाची काळजी असेल तर बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच आहे, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं तिथं चौकशी करा. दुसऱ्या कुण्या ताई वाचत असतील, आणि असतील, तर त्यांनीही हे लक्षात ठेवा, भाचा वकील असायलाच पाहिजे असं काही नाही.

सासूबाईंना मात्र कायदा सांगत बसू नका. त्या घाबरल्यात, उद्या गावात सुनेला कोणी काही बोललं तर ते त्यांच्याच दारात येणार आहे. त्यांनीही कधीतरी कुणाला मागं थांब म्हणलेलं असेल, तेही त्यांच्या मनात असेल. ठरावाचा मजकूर वाचून दाखवा आणि विचारा, ह्यात देवाविरुद्ध काय आहे?

आणि भाच्याला म्हणावं पीआयएल राहू दे सध्या, तो ठराव नीट मराठीत टाइप करून दे, दोन प्रती काढ, मासिक सभेची नोटीस निघायच्या आत द्यायचाय आणि एकीवर ग्रामसेवकाची (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) पोच घ्यायचीय.